विना

"भाऊसायेब, वर्ग एकच. मास्तर एकच. बाकडं पण एकच. मग पैसं दोन कसं?"

जून २०२२ संपत आला होता. बारावीच्या निकालानंतरची प्रवेशाची गर्दी, फीच्या खिडकीबाहेर तीस-पस्तीस जणांची रांग आणि रांगेच्या तोंडाशी हा माणूस. डोक्याला टोपी, हातात औषधाच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुलीचे दाखले. मुलगी शेजारी उभी होती. तिने छातीशी बारावीचं केमिस्ट्रीचं जर्नल धरलं होतं, खाकी कव्हर घातलेलं, कोपरे दुमडू नयेत म्हणून वर पारदर्शक कागद लावलेला. प्रवेशाला जर्नल लागत नाही. आमच्या नोटीस बोर्डावरच्या कागदपत्रांच्या यादीत ते कुठेच नव्हतं. तरी तिने ते आणलं होतं.

बी. एस्सी.च्या 'अ' तुकडीची यादी लागून गेली होती. ती अनुदानित तुकडी. हिचं नाव थोडक्यात हुकलं होतं. 'ब' तुकडीत जागा होत्या, पण ती विनाअनुदानित. 'अ' तुकडीची फी चार आकडी, 'ब'ची पाच आकडी. मी त्यांना तेच समजावत होतो आणि त्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला.

मी म्हणालो, "मामा, एक तुकडी सरकारी अनुदानावर आहे. दुसरीला अनुदान नाही. ती कॉलेजला आपल्या पैशातून चालवावी लागते."

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजी ही पोरगी सरकारची न्हवं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, आटपा की!" आणि ते बाजूला झाले. मी पुढचा फॉर्म हातात घेतला. त्या दिवशी मी किती पावत्या फाडल्या ते आठवत नाही, पण तो प्रश्न घरी घेऊन आलो आणि अजून तो माझ्याकडेच आहे. आता निवृत्त झालोय, वेळ आहे. त्यावेळी रांगेमुळे जे बोलता आलं नाही ते लिहून काढतो.

एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कॉलेजच्या कार्यालयात मी बत्तीस वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, मुख्य लिपिक म्हणून बाहेर पडलो. आमच्याकडे क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, तेच माझं नाव होऊन गेलं. या बत्तीस वर्षांतली बहुतेक वर्षं फीच्या खिडकीमागे गेली. फीविषयी बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत, पण ती भरताना माणसाचा चेहरा कसा होतो ते आम्ही खिडकीवाल्यांनी पाहिलंय.

आमच्या भागात फी दुधावर भरली जाते. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी होतं. पालक सांगायचे, "भाऊसाहेब, एकवीस तारखेला बिल हाय, तवा हजार देतो." मी फॉर्मच्या समासात पेन्सिलीने तारीख लिहून ठेवायचो. हप्ते पाडून द्यायला प्राचार्यांची सही लागते, पण पेन्सिलीची तारीख ही माझी आणि त्या माणसाची. बाविसाव्या तारखेला सकाळी दहाला तो हजर असायचा. डेअरीतून आलेल्या नोटांना पेंडीचा वास येतो. अलीकडे खिडकीला स्कॅन करायचा कोड चिकटवलाय, आणि हजार रुपये खात्यातून गेले की माणूस दोनदा-तीनदा मोबाइल खालीवर करून उरलेला आकडा बघत राहतो.

मी स्वतः माण तालुक्यातला. पाऊस आमच्यावर रुसलेला. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर खडी आणि माती उचलायची, मी बांधावर धाकट्या भावाला घेऊन बसायचो. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला, पण आमच्या घरात 'तलावाचं काम' हाच शब्द होता. तो तलाव आजही आहे. पाऊस बरा झाला की खालच्या विहिरींना पाणी येतं, त्यात पाझर कुणाचा हे विहीर विचारत नाही.

बारावी झाल्यावर साताऱ्याला शिवाजी कॉलेजात गेलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढलेलं ते कॉलेज, 'कमवा आणि शिका'चं. कर्मवीरांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही गोष्ट आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर लिहिलेली असते. लहानपणी ती पाठ केली होती. तिचा अर्थ मला कळला तो कॉलेजच्या बागेत सकाळी दोन तास खुरपं चालवून मग भोजनगृहात पंगतीला बसलो तेव्हा. ताटातली भाकरी कष्टाची होती. पण नीट हिशेब मांडला तर माझ्या दोन तासांच्या कामाने फार तर जेवण निघत होतं. वर्गात शिकवणाऱ्या सरांचा पगार त्यातून निघत नव्हता. तो कुणीतरी दुसरा देत होता.

माझी फी ई.बी.सी.त, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीत, माफ होती. ही सवलत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली आली. ज्या पालकांचं वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत आहे त्यांच्या मुलांची फी सरकार भरणार, जात कुठलीही असो. पुढे ती मर्यादा वाढत गेली. आमच्या घरात दोन पिढ्यांत कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. माझा फॉर्म तलाठ्याने भरून दिला, वडिलांनी अंगठा उठवला, आणि तीन वर्षांत कॉलेजने माझ्याकडे शिकवणी फी म्हणून रुपया मागितला नाही. बी. कॉम. झालो. पाच वर्षांनी नोकरीला लागलो ते त्याच ई.बी.सी.चे फॉर्म तपासायला. पहिल्या वर्षी माण तालुक्यातून आलेला फॉर्म हातात आला आणि अंगठ्याचा ठसा दिसला की माझं काम थांबायचं.

आता त्या दोन तुकड्यांकडे येतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं अनुदान म्हणजे सरकार कॉलेजला काहीतरी रक्कम देतं आणि कॉलेज ती खर्च करतं. प्रत्यक्षात अनुदान म्हणजे पगार. मंजूर झालेल्या पदांवर जे प्राध्यापक आणि कर्मचारी आहेत त्यांचा पगार शासन करतं. दर महिन्याला आमचं पगारबिल सहसंचालक कार्यालयाला जायचं. पूर्वी एस.टी.ने शिपाई घेऊन जायचा, नंतर सगळं सेवार्थ या सरकारी पगाराच्या संगणक प्रणालीवर भरावं लागायचं. कॉलेज चालवण्यातला सगळ्यात मोठा खर्च शिकवणाऱ्याच्या पगाराचा असतो. तो शासनाने उचलला म्हणूनच 'अ' तुकडीची शिकवणी फी इतकी कमी राहते की एखादा पोरगा सुट्टीत आठवडाभर कामाला गेला तर भरून टाकील.

'ब' तुकडी निघाली तेव्हा शासनाने सांगितलं, तुकडी काढा, पदं मिळणार नाहीत. मुलं तर दारात उभी होती. मग शिकवणार कोण? तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासावर पैसे मिळणारे प्राध्यापक. आणि त्यांना द्यायचे पैसे कुठून? मुलांकडून.

माझ्या टेबलावर दोन्ही पावत्या शेजारी-शेजारी असायच्या. शीर्षं तीच. प्रवेश शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, पात्रता शुल्क, ई-सुविधा, अश्वमेध, आपत्कालीन निधी, अनामत. या सगळ्या ओळींतले आकडे दोन्हीकडे जवळपास सारखे. फरक फक्त पहिल्या ओळीत, शिकवणी शुल्क. एका पावतीवर तिथे काही शे रुपये, दुसरीवर हजारो. त्या एका ओळीत राज्य सरकार आहे किंवा नाही. टोपीवाल्या मामांना मी हे दाखवायला हवं होतं. त्यांना कळलं असतं, आकड्यातलं त्यांना माझ्याइतकंच कळतं. दुधाच्या फॅटवर दर कसा पडतो ते ते तोंडी सांगतात.

फी वाढली असं आपण म्हणतो. वर्तमानपत्रात तसंच येतं, मोर्चे त्याच नावाने निघतात. पण मी पावत्या फाडल्यात म्हणून सांगतो, अनुदानित तुकडीची शिकवणी फी बत्तीस वर्षांत फारशी वाढली नाही. वाढली ती बिनअनुदानाच्या तुकड्यांची संख्या. अनुदानाच्या जागा होत्या तेवढ्याच राहिल्या, मुलं तिप्पट-चौपट आली, आणि वाढीव मुलांपैकी जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या पावतीवर गेला. एकाही मंत्र्याला 'आम्ही फी वाढवली' असं म्हणावं लागलं नाही.

याची सुरुवात सगळे १९८३ पासून सांगतात. वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली ते वर्ष. त्याआधी महाराष्ट्रातली पोरं मोठमोठ्या देणग्या देऊन कर्नाटकात जात होती, हेही खरं, आणि त्या निर्णयामुळे खेड्यातली कितीतरी मुलं इंजिनिअर झाली हेही मी नाकारणार नाही. पण 'विनाअनुदानित' हा शब्द तेव्हा मराठीत पक्का झाला. आधी तो इंजिनिअरिंगपुरता होता. मग बी.एड., डी.एड., मग आमच्या बी. एस्सी., बी. कॉम.च्या तुकड्या, मग नव्या शतकात निघालेली कला-वाणिज्य-विज्ञानाची अख्खी कॉलेजंच 'कायम विनाअनुदानित' या अटीवर. 'कायम' हा शब्द शासन निर्णयात पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पान उलटून पुन्हा वाचला होता. आज पैसे नाहीत म्हणून आज देत नाही, हे समजू शकतं. पुढे कधीही देणार नाही असं जन्माला येणाऱ्या कॉलेजला आधीच लिहून द्यायचं, याला काय म्हणावं?

दिल्लीतही तेच वारं होतं. १९९३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुन्नय्या समितीने सांगितलं की विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के रक्कम स्वतः उभी करावी आणि दहा वर्षांत ती २५ टक्क्यांवर न्यावी. १९९७ साली अर्थखात्याच्या चर्चापत्रात उच्च शिक्षण 'नॉन-मेरिट' सेवांमध्ये टाकलं गेलं, म्हणजे ज्याचा फायदा मुख्यतः घेणाऱ्यालाच होतो आणि म्हणून ज्याचा खर्च त्यानेच सोसावा अशी गोष्ट. २०१७ पासून तर केंद्रीय संस्थांच्या इमारतींसाठी अनुदानाऐवजी कर्ज देणारी हेफा ही वेगळी कंपनीच आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा म्हणून सांगितलं होतं. २०२० च्या धोरणातही तेच ६ टक्के पुन्हा लिहिलेत. मधली चोपन्न वर्षं तो आकडा कागदावरच आहे.

इथे एक गोष्ट मला नीट मांडली पाहिजे, कारण तिने मला बरीच वर्षं अडवून ठेवलं होतं.

आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या एका सरांशी माझा नेहमी वाद व्हायचा. ते म्हणायचे, "भाऊसाहेब, उच्च शिक्षण फुकट देणं म्हणजे गरिबाच्या करातून मध्यमवर्गाची पोरं शिकवणं." आणि पुरावा म्हणून महात्मा फुल्यांचं नाव घ्यायचे. ते खोटं नव्हतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात हेच आहे. सरकारचं उत्पन्न रयतेच्या घामातून येतं आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, तेव्हा आधी खेड्यातल्या मुलांना प्राथमिक शिक्षण द्या, ते बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मी रयतेचाच मुलगा. फुल्यांच्या विरुद्ध कसा बोलणार? वर्षानुवर्षं मी त्या वादात गप्प बसलो.

मग एकदा जनरल रजिस्टरला नवं कव्हर घालायचं म्हणून जुन्या रजिस्टरांची चळत खाली काढली. आमचं कॉलेज साठच्या दशकातलं. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं, पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, आणि त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली, त्यातलं एक. पहिल्या रजिस्टरात जात-धर्माचा रकाना आणि पालकाच्या व्यवसायाचा रकाना वाचत गेलो. वकील, कुलकर्णी, व्यापारी, शिक्षक, सावकारी, मामलेदार कचेरी. मुलींची नावं बोटावर मोजण्याइतकी. सत्तरच्या दशकातल्या रजिस्टरात 'शेती' दिसायला लागली. ऐंशीत शेती, शेती, शेती. नव्वदच्या दशकात शेतमजूर, हमाल, मेंढपाळ, ऊसतोड, गवंडी, आणि पानापानावर मुली. मी जमिनीवर बसूनच ते वाचलं.

फुले जे मागत होते ते हे होतं. रयतेचा पैसा रयतेच्या लेकरांवर खर्च व्हावा. शंभर-सव्वाशे वर्षं लागली, शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, बाबासाहेबांनी कॉलेजं काढली, कर्मवीरांनी अनवाणी गावं पालथी घातली, तेव्हा कुठे ती पोरं कॉलेजच्या रजिस्टरात आली. आणि ज्या पानांवर ती आली, त्याच पानांपासून पुढे 'ब (विना)' असे शिक्के सुरू होतात. वकील आणि मामलेदारांची मुलं शिकत होती तेव्हा सरकारकडे पैसे होते. ऊसतोड्याची मुलगी आली आणि पैसे संपले. त्या सरांना मी दुसऱ्या दिवशी ती रजिस्टरं दाखवली. ते बराच वेळ पानं चाळत होते. नंतर त्यांनी चहा सांगितला. फुल्यांचं नाव त्यांनी पुन्हा त्या वादात घेतलं नाही.

मला विचाराल, मग शिष्यवृत्त्या नाहीत का? आहेत. मागासवर्गीयांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, फ्रीशिप आहे, आर्थिक मागासांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, आणि जुलै २०२४ मध्ये तर आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एस.ई.बी.सी. (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिकवणी आणि परीक्षा फी माफ झाली. हा निर्णय चांगलाच आहे. माझ्या पुतणीला त्याचा फायदा झालाय आणि मी मनापासून त्याचं स्वागत करतो. योजनांवर माझा राग नाही. मी स्वतः एका योजनेचं लेकरू आहे.

पण अनुदान आणि शिष्यवृत्ती यात फरक आहे आणि तो आमच्या माणच्या माणसाला चटकन समजेल. अनुदान म्हणजे पाझर तलाव. एकदा बांधला की खालच्या सगळ्या विहिरींना पाणी. शिष्यवृत्ती म्हणजे टँकर. टँकर येतो हे उपकारच आहेत, दुष्काळात त्याच्यामुळेच जीव जगतो. पण तो येण्यासाठी आधी ठराव लागतो, मागणी लागते, यादीत नाव लागतं, आणि तो कधी येईल हे वाट बघणाऱ्या बाईच्या हातात नसतं.

२०१७-१८ पासून सगळे शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे झाले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड, आधारला जोडलेलं बँक खाते. तहसीलचा दाखला काढायला सेतूत दोन खेपा, म्हणजे आई-बापाची दोन दिवसांची मजुरी. मग अर्ज 'सेंट बॅक' होतो. का? तर दाखल्यावरच्या नावात 'बाई' आहे आणि आधारवर नाही. मुली माझ्याकडे यायच्या, मोबाइल पुढे करून म्हणायच्या, "भाऊसाहेब, हे बघा की, अजून अंडर स्क्रुटिनीच दावतंय." डिसेंबर जायचा, मार्च जायचा. पैसे आले की कधीकधी मुलगी कॉलेज सोडून गेलेली असायची. तोवर कॉलेजने काय करायचं? 'ब' तुकडीच्या प्राध्यापकांना दर महिन्याला काहीतरी द्यावंच लागतं. म्हणून कॉलेज म्हणतं, आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. आणि शिष्यवृत्तीत बसते ती मुख्यतः शिकवणी आणि परीक्षा फी. खालच्या बाकीच्या ओळी दुधाच्या बिलातून.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. 'अ' तुकडीतल्या मुलाला कुणी विचारत नाही की तू गरीब आहेस का. तो नुसता विद्यार्थी असतो. 'ब'मधल्या मुलीला मात्र दरवर्षी नव्याने सिद्ध करावं लागतं. ३१ मार्चला जुना दाखला संपतो, एप्रिलपासून पुन्हा नवा. खिडकीशी उभं राहून तिला सगळ्यांसमोर बापाचं उत्पन्न सांगावं लागतं. मी आवाज बारीक करायचो. फॉर्म उलटा करून बोटाने ओळ दाखवायचो, म्हणजे तिने बोलायला नको. तरी मागचा मुलगा वाकून बघतोच.

आणि 'मास्तर एकच' हे मामांचं म्हणणं बरोबर होतं का? अर्धं बरोबर. २०१७ साली प्राध्यापक भरतीवर बंदी आली. पुढे रिक्त जागांपैकी ४० टक्के भरायला परवानगी मिळाली, मग पुन्हा वाट बघणं. आमचे जुने प्राध्यापक एकेक करून निवृत्त होत गेले आणि त्यांच्या खुर्च्यांवर तासावर पैसे मिळणारी मुलं बसली. मुलंच म्हणतो, कारण त्यातली कितीतरी माझ्यासमोर बी. एस्सी. झालेली. नेट-सेट, पीएच.डी. आणि पगार तासावर, तोही दिवाळीनंतर. दोन्ही तुकड्यांना केमिस्ट्री शिकवणारा असाच एक जण होता. पस्तिशीचा, लग्न ठरत नव्हतं. सत्राच्या शेवटी मानधनाच्या बिलावर सही करताना तो एकदा म्हणाला, "भाऊसाहेब, यातले 'अ'चे तास कोणते आणि 'ब'चे कोणते, मला शिकवताना कळतच नाही." मला मात्र कळायचं. मी ते दोन वेगळ्या खात्यांत मांडायचो.

कॉलेजला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. आमचे प्राचार्य साधे आणि सज्जन होते. विजेचं बिल, ॲसिडच्या बाटल्या, गॅस, गळणाऱ्या छताची डागडुजी, हे पगाराच्या अनुदानात बसत नाही. 'ब' तुकडी बंद केली तर निम्मी मुलं घरी बसतील, हे त्यांना दिसत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आपल्या राज्याच्या विद्यापीठांसाठीचा जो कायदा आहे त्याचं नाव 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६'. 'सार्वजनिक' हा शब्द मला फार आवडतो. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक गणपती. या शब्दासाठी आपल्याकडे माणसं महाडच्या तळ्यावर गेलीत आणि त्यांनी डोकी फोडून घेतलीत. जिथे सगळ्यांना जाता येतं आणि जिथे गेल्यावर कुणी 'तू कोण' म्हणत नाही, ते सार्वजनिक. मामांनी 'सरकारची' म्हणताना हाच शब्द शोधला असावा.

मामांच्या मुलीने त्या वर्षी बी. ए.ला प्रवेश घेतला. कला शाखा अनुदानित होती आणि जागा शिल्लक होत्या. दुपारी गर्दी ओसरल्यावर ते दोघं परत आले. बहुतेक बाहेर लिंबाखाली बसून हिशेब केला असावा. तिने फॉर्मवर 'विज्ञान' या शब्दावर पांढरी शाई लावली, फुंकर मारून वाळवली आणि वर 'कला' लिहिलं. विषय कोणते घेणार विचारलं तर म्हणाली, "जे असतील ते." मी पावती फाडली. चार आकडीसुद्धा नव्हती. मामांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं वाटलं. तिने जर्नल पिशवीत टाकलं. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन एकदा बोलायला हवं होतं, दोन-चार जणांकडून वर्गणी काढायला हवी होती. याआधी कितीतरी मुलांसाठी काढली होती. त्या दिवशी खुर्चीवरून उठलो नाही, याचं वाईट अजून वाटतं.

३० जून २०२३ हा माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. अठ्ठावन्न पूर्ण. माझी जागा भरायला परवानगी नव्हती, म्हणून चार्ज द्यायचा तो कंत्राटी मुलाला. पावती पुस्तकं मोजून दिली, किल्ल्या दिल्या, कपाटाची यादी केली. चारच्या सुमारास निरोपाचा कार्यक्रम होता. साडेतीनला खिडकीशी कुणीतरी उभं राहिलं.

तीच होती. एकटी. वर्षात उंच झाल्यासारखी वाटली, किंवा मान वर करून उभी होती म्हणून असेल.

"भाऊसाहेब, एफ. वाय. बी. एस्सी.चं ॲडमिशन पायजे."

मी म्हणालो, "बाळ, तू एस. वाय. बी. ए.ला जाणार ना आता? बी. ए.वरून सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला जाता येत नाही."

"माहितीय. पहिल्यापासनंच घ्या. एक वर्ष गेलं तर गेलं."

वर्षभर ती बी. ए.चे तास करून दुपारनंतर स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये बसत होती. औषधांची नावं बघून केमिस्ट्री आठवत राहिली, असं तिने सांगितलं. 'अ' तुकडी या वर्षीही मिळणार नाही, तिला ठाऊक होतं. गॅपचे विद्यार्थी यादीत मागे पडतात. तिने पाकिटातून नोटा काढल्या. पहिला हप्ता पुरा होता. दुसऱ्यासाठी पेन्सिलीची तारीख मागितली नाही, स्वतःच सांगितली.

कंत्राटी मुलगा पावती पुस्तक घ्यायला पुढे आला. मी त्याला थांबवलं आणि स्वतः लिहायला घेतलं. नाव, वर्ग, शीर्षं, रक्कम अक्षरी. तुकडीच्या रकान्यात नियमाप्रमाणे लिहिलं: ब (विना).

तिने पावती हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचली. हॉलमधून कुणीतरी मला हाक मारत होतं.

"भाऊसाहेब, हे 'विना' म्हणजे कशाच्या विना?"

"अनुदानाच्या," मी म्हणालो.

तिने पावतीची घडी घातली. पिशवीतून ते खाकी कव्हरचं जर्नल काढलं, पहिलं पान उघडून त्यात पावती ठेवली आणि लॅबचे तास कधीपासून सुरू होणार ते विचारलं.